इंगळेभाऊंची जागल

मागच्या उन्हाळ्यात मलकापूरला एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारच्या बाईंनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही दवाखान्यात होत्या न? मंग ते सोयरिकी जमवणारे इंगळेभाऊ आता कोठी राह्यतात हो? आमच्या पुतणीसाठी त्याह्यच्यापाशी रेल्वेतलं एक पोरगं होतं."

मला असा ठसका लागला की बाईंनी पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं, आणि मी "काही पत्ता नाही हो" म्हणून मोकळी झाले. इंगळेभाऊ सोयरिकी जमवत नव्हते. रेल्वेतलं ते पोरगं तर जन्मालाच आलं नव्हतं. पण हे त्या बाईंना कुठल्या तोंडाने सांगणार? मग इंगळेभाऊ त्यांच्या गावात कशाला आले होते तेही सांगावं लागलं असतं, आणि ते कोणाला कळू नये म्हणून तर या माणसाने एवढा खटाटोप केला होता. पुढची जिलेबी मला गोड लागली नाही.

एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात अशा एका सरकारी केंद्रात आम्ही कितीतरी वर्षं बरोबर काम केलं. ते समुपदेशक, मी औषधाच्या खिडकीत. गाव कुठलं, दवाखाना कुठला, ते सांगत नाही. न सांगायची सवय इंगळेभाऊंनीच लावली. नवीन माणूस कामाला लागला की त्याला चहा पाजून ते पहिलं वाक्य हेच बोलायचे, की पोटात नाव गेलं का ते तिथंच जिरलं पाहिजे, ढेकरही यायला नको. म्हणून या लेखात जी रेखा आहे तिचं नावही रेखा नाही. इंगळेभाऊंचं मात्र खरं तेच लिहिलंय असं समजा, त्यांना लपवण्यासारखं काही नव्हतं, असं आम्हाला तरी तेव्हा वाटायचं.

अंगाने आडवा माणूस. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलभर शोधायचा. चहा बशीत ओतून फुंकर न घालता प्यायचा आणि जीभ भाजली की चहावाल्याला बोल लावायचा. 'पेशंट' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. बाहेर बाकावर बसलेली सगळी माणसं म्हणजे 'पाहुणे'. "ताई, तीन पाहुणे हायेत, अन् एकाच्या पोटात सकायपासून काही नाई," असं खिडकीशी येऊन सांगायचे आणि माझ्या डब्यातली पोळी न विचारता घेऊन जायचे. मी चिडायचे. त्यांना काही फरक पडायचा नाही. हसायला लागले की भिंतीपलीकडच्या क्ष-किरण विभागातला माणूस डोकावून बघायचा.

बोलायचे अस्सल वऱ्हाडी. एकदा पुण्याकडून आलेल्या एका प्रशिक्षकांनी त्यांना सांगितलं, की सर, लाभार्थ्यांशी जरा प्रमाण भाषेत बोलत चला. इंगळेभाऊ नम्रपणे म्हणाले, "बोलतो न साहेब. पन मंग मानूस माह्यासमोर रडत नाई." प्रशिक्षकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांचं समजावणं ऐकण्यासाठी मी खिडकीतून कान लांब करायचे. नव्याने कळलेला माणूस समोर बसलेला असायचा, नजर फरशीवर. त्याला ते रोगाचं नावच सांगायचे नाहीत आधी. विचारायचे, वावर कुठे आहे, पीक काय, डुकरांचा त्रास आहे का. आमच्याकडे त्रास नाही असं शिवार नाही. मग विचारायचे, जागल कोण करतं? शेताची राखण करायला मचाणावर बसतो तो जागल्या. माणूस सांगायचा, मीच करतो, किंवा म्हातारा करतो.

"म्हातारा डुकराले काठीनं मारते का?"

"नाई. डबडं वाजवते."

"बस," इंगळेभाऊ टेबलावर हात ठेवायचे. "डबडं वाजलं का सारं गाव काठ्या घेऊन धावते. आपल्या रक्तातबी असे जागले हायेत. डॉक्टर त्याह्यले टी पेशी म्हनतात. स्वतः लढत नाईत, पन दुश्मन आला का बोंब ठोकतात अन् बाकीच्याह्यले उठवतात. आता हा जो चोर तुमच्या आंगात आला, तो मोठा हुशार हाय. वावरात जातच नाई. सिधा जागल्याच्या मचानावर चढते, त्याच्याच घोंगडीत शिरते, त्याचीच भाकर खाते अन् तिथंच पोरं काढते. पोरं दुसऱ्या मचानावर जातात. जागल्या मरते. मंग डबडं कोन वाजवन? टीबी आला, निमोनिया आला, गाव झोपलेलंच."

माणूस पहिल्यांदा मान वर करायचा. आपण पापी आहोत म्हणून नव्हे, आपल्या अंगातला राखणदार मरतोय म्हणून आपण आजारी पडतोय, हे कळल्यावर माणसाची पाठ जरा सरळ होते. हे मी अनेकदा पाहिलं.

गोळीबद्दल ते खोटं सांगायचे नाहीत. गोळी चोराला हाकलत नाही, त्याची पोरं होऊ देत नाही. पोरं नाहीत तर जागले पुन्हा वाढतात. पण एखादा जागल्या झोपलेला असतो आणि त्याच्या घोंगडीत चोरही झोपलेला असतो. त्याला कोणी हात लावू शकत नाही. गोळी सोडली की तो उठतो. म्हणून गोळी जन्मभर.

आता मूळ गोष्टीकडे येते, ती सांगायला जीभ जरा जड होते.

त्या काळी गोळ्या आल्या-आल्या मिळत नसत. आधी रक्तातले जागले मोजायचे. सीडी-फोरची तपासणी म्हणतात ती हीच. आकडा ठरलेल्या रेषेच्या खाली गेला तर गोळ्या सुरू, वर असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा या. नियम वरून आलेला होता आणि तेव्हा सगळीकडे तोच होता. अहवालाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर दहावीच्या निकालासारखी शांतता असायची. ज्याचा आकडा चांगला यायचा त्याला इंगळेभाऊ आत बोलावून मोठ्याने म्हणायचे, "गाव जागं हाय तुमचं! जा घरी, खुशाल राहा." आणि टेबलाच्या खणातून एक डबा काढायचे. त्यात शेगावच्या प्रसादाची खडीसाखर असायची. एक खडा त्या माणसाच्या तळहातावर ठेवायचे. माणूस तो कपाळाला लावून तोंडात टाकायचा. काही जण रडायचे. एक खडा इंगळेभाऊ स्वतः खायचे, एक माझ्या खिडकीत आणून द्यायचे. मीही चघळत गोळ्या मोजायचे. आम्हाला त्या दिवशी फार बरं वाटायचं.

रेखाला साखर मिळाली ती अशाच एका दिवशी. मोताळ्याकडच्या एका खेड्यातली, पंचविशीची असेल. नवरा मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो खंगून गेला आणि जाताना हिला कळलं की त्याला काय होतं. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी भाऊ होता, भाजीपाला करणारा, वांगी-कोथिंबीर मलकापूरच्या बाजारात नेणारा. त्याला हिने काही सांगितलं नव्हतं. तिचा आकडा इतका चांगला आला की डॉक्टरही हसले. इंगळेभाऊंनी तिला एकाऐवजी दोन खडे दिले आणि म्हणाले, "तुले तर गोळीची गरजच नाई बाई. तुह्याकडं जागल्यायची फौज हाय." ती पदर तोंडाला लावून हसली. पुन्हा एकदा आली, मग आली नाही. कशाला येईल? गरजच नाही असं खुद्द साहेबांनी सांगितलं होतं.

मग नियम बदलला. डॉक्टर प्रशिक्षणाहून आले आणि त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, की आता आकडा कितीही असो, ज्याला लागण आहे त्या प्रत्येकाला गोळी लगेच. कारण आकडा चांगला असतानाही आत नासधूस चालूच असते. जागले मरत असतात, शरीर रोज नवे पाठवत असतं, म्हणून मोजणी भरलेली दिसते. एक दिवस पाठवायला माणूस उरत नाही. आम्ही सगळे खूश झालो, आता कोणाला परत पाठवावं लागणार नाही म्हणून. इंगळेभाऊ मात्र बशीतला चहा तसाच ठेवून बसले होते.

"म्हंजे साहेब, आपन जागलेच मोजत बसलो. चोर कोनी मोजलाच नाई."

डॉक्टर म्हणाले, तेव्हा जेवढं माहीत होतं, जेवढं हातात होतं, तेवढं आपण केलं. नियमच होता तो.

"गोळी न देनं नियम होता," इंगळेभाऊ म्हणाले. "साखर देनं नियमात नोतं. ते म्या केलं."

मला वर बघवेना, कारण ती साखर मीही खाल्ली होती. पण खरं सांगते, त्या दिवशी मला मनातून जरा हलकंही वाटलं, की एवढं मोठं ओझं उचलायला कोणीतरी पुढे झालं आणि ती मी नाही. त्या दिवसापासून खणातला डबा उघडला गेला नाही आणि त्यांचं ते भिंतीपलीकडे जाणारं हसणंही गेलं.

जे नेमाने येत होते त्यांना गोळ्या सुरू झाल्या. प्रश्न न येणाऱ्यांचा होता. फोन बंद, पत्ते अर्धवट. दवाखान्याची माणसं शोधायला जायची, पण खेड्यात अनोळखी माणूस बॅग घेऊन एखाद्या घरासमोर उभा राहिला की सगळी आळी ओट्यावर येते. कोणाकडे आलात, काऊन आलात, कोठून आलात? एका घरी असा प्रकार झाला आणि त्या घरच्या पोराला शाळेत वेगळं बसवलं. इंगळेभाऊंनी ठरवलं की साखर ज्यांना दिली त्यांना आपणच शोधायचं, सुटीच्या दिवशी, आपल्या पद्धतीने.

पद्धत काय, तर सोयरीक. आमच्याकडे कोणीही अनोळखी माणूस डोक्याला टोपी घालून दारात आला आणि "पोरगी हाय का हो लग्नाची तुमच्याकडं?" म्हणाला, की त्याला खाट मिळते, पाणी मिळतं, चहा मिळतो आणि घरातलं प्रत्येक माणूस समोर येऊन बसतं. शेजारीही शंका घेत नाहीत. इंगळेभाऊ एरवी बोडके असायचे. सोयरिकीसाठी त्यांनी एक पांढरी टोपी घेतली. ती पिशवीत ठेवायचे आणि एसटीतून उतरायच्या आधी डोक्यावर चढवायचे. चहा पिता पिता ज्याला शोधायला आलो तो माणूस दिसला की त्याला ओळखही न देता बोलण्यात पेरायचे, की जागलीचा नियम बदलला बरं, आता सगळ्याह्यलेच लागू झालं, भेटून जा. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

पण पोरगी विचारायची तर पोरगं पाहिजे. इंगळेभाऊंनी एक पोरगं तयार केलं. भुसावळला रेल्वेत, निर्व्यसनी, एकुलतं एक. मी म्हटलं, अहो भाऊ, इतकं चांगलं कशाला केलं? दोन एकरवाला, जरा तोतरा असा करायचा. ते म्हणाले, तोतरा पोरगा असता तर दारातूनच वाटेला लावलं असतं. झालं काय, की रेल्वेतल्या पोराची कीर्ती पसरली. इंगळेभाऊंच्या घरी फोन येऊ लागले. पत्रिका येऊ लागल्या. वहिनी एक दिवस माझ्याकडे येऊन रडकुंडीला आल्या, की घरात स्वतःची पोरगी उजवायची आहे आणि हे जगाच्या सोयरिकी करत हिंडताहेत, आणि एवढा चांगला पोरगा आहे तर तो आपल्या पोरीला काऊन नाही? वहिनींनाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी तरी काय सांगणार, मी त्यांना चहा पाजला.

बरेच जण सापडले, आले, गोळ्यांवर लागले. काही ठिकाणी उशीर झाला होता. जळगाव जामोदकडच्या एका घरी त्यांना खाटेवर बसवलं, आणि समोर भिंतीवर त्याच माणसाचा फोटो, हार घातलेला. आता उठून जाता येईना. त्या फोटोखाली बसून, त्याच्या बापाच्या हातचा चहा पीत, इंगळेभाऊंना रेल्वेतल्या पोराचा पगार सांगावा लागला. हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. म्हणाले, "ताई, त्याचा बाप मले म्हने, साखर कमी झाली का चहात?"

आणि मग ते रेखाच्या गावी गेले.

त्यांची समजूत अशी होती की रेखाला एक धाकटी बहीण आहे. होती, पण तिचं लग्न होऊन ती गेली होती. त्या घरात लग्नाची म्हणावी अशी एकच बाई, आणि ती रेखा. इंगळेभाऊंनी टोपी सावरून नेहमीचा प्रश्न विचारला आणि भावाचा चेहरा उजळला. विधवा बहिणीला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने भजी तळायला लावली. रेखा पाणी घेऊन आली, तिने साहेबांना ओळखलं, आणि इंगळेभाऊंनी जागलीच्या नियमाचं ते वाक्य टाकलं. तिने मान हलवली. इंगळेभाऊ समाधानाने परत आले, की कळलं तिला, येईल आता.

ती आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. भावाचे मात्र फोन येत होते, की रेल्वेवाल्यांचं काय ठरलं. इंगळेभाऊंनी आधी पोराची बदली केली, मग पोराची आई आजारी पाडली, शेवटी फोन घेणंच बंद केलं. मग एक दिवस भावाचा निरोप आला, की तुमचं राहू द्या, आम्ही खामगावकडं एक बिजवर पाहिला, दोन लेकरं आहेत त्याला, पुढच्या आठवड्यात शेगावात उरकून टाकतो, तुमच्यामुळे आमची हिंमत झाली, लग्नाला या.

इंगळेभाऊ माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर होता आणि ते तो शोधतही नव्हते. तिने गोळी सुरू केलेली नाही. त्या माणसाला काही माहीत नाही. भावाला सांगायचं तर तिचं नाव फुटतं, न सांगायचं तर आणखी एक माणूस आणि कदाचित लेकरू. सांगायचा हक्क फक्त तिचा. "ताई, माह्यासोबत चाला," एवढंच म्हणाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

ती वावरात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. भाऊ बाजाराला गेलेला. मचाण होतं, त्याला लोंबणारं तेलाचं रिकामं डबडंही होतं. मी तिला कितीतरी दिवसांनी पाहत होते. ती अर्धी झाली होती. बोलायला तोंड उघडलं तेव्हा जिभेवर पांढरा थर दिसला. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. फौज संपत आली होती.

तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. इंगळेभाऊंकडे बघून विचारलं, "तुमचं पोरगं कोठी हाय, साहेब?"

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. केंद्रात कधीमधी आमच्याच दोन पाहुण्यांचं लग्न जुळायचं, दोघांनाही लागण असलेल्यांचं. हे तिला ठाऊक होतं. साहेब टोपी घालून घरी आले म्हणजे आपल्यासाठी आपल्यातलाच कोणी घेऊन आले, असं तिने धरलं. जागलीचं वाक्य तिने ऐकलं ते त्याची खूण म्हणून. ती साहेबांची वाट बघत बसली. ते आले नाहीत, फोन घेईनात, तेव्हा भाऊ आणेल त्याला हो म्हणाली.

"पोरगं नाई बाई," इंगळेभाऊ म्हणाले. "होतंच नाई कधी."

ती खाली बसली. बराच वेळ हातातल्या जुडीची पानं खुडत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "साखर खोटी. पोरगंबी खोटं. मंग गोळ्या तरी खऱ्या हायेत का?"

मी इंगळेभाऊंकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणाले, "खऱ्या आहेत. माझ्या हाताने देते मी." ती पुन्हा जुड्या बांधायला लागली. आम्ही परत निघालो. बांधावरून चालताना इंगळेभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच टोपीने तोंड पुसलं.

लग्न तिने स्वतः मोडलं. भावजयीला सगळं सांगितलं, भावजयीने भावाला. भाऊ काही दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी तोच तिला मोटारसायकलवर बसवून आमच्या दारात घेऊन आला. तिला बाकावर टेकवलं आणि माझ्या खिडकीत येऊन विचारलं, तो सोयरीकवाला कुठे आहे. इंगळेभाऊ आतून उठून आले आणि "मीच" म्हणून समोर उभे राहिले. मला वाटलं आता हा मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं, इंगळेभाऊंना सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, आम्ही तिच्या लग्नाची आशा सोडली होती. तुम्ही लावली." आणि बहिणीला पाणी आणायला गेला.

तिला टीबीही निघाला. दोन्ही औषधं सुरू झाली. ते वर्ष कठीण गेलं, पण बाई चिवट निघाली. दर महिन्याला यायची. नियमाप्रमाणे आधी समुपदेशकासमोर बसावं लागतं, म्हणून बसायची. ते विचारायचे, गोळ्या वेळेवर? ती म्हणायची, हो. ते विचारायचे, जेवण? ती म्हणायची, हो. बाकीच्या पाहुण्यांना ते अजून जागल्याची गोष्ट सांगायचे, पण ती बाकावर असली की आवाज खाली यायचा. एकदा तिचा आकडा पुष्कळ वर आला. मी मुद्दाम कागद हातात घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाहिला, खणाकडे हात गेला, तिथेच थांबला. "चोराची तपासनी कवा हाय?" एवढं विचारलं. आता रक्तातला विषाणू मोजायची तपासणीही होऊ लागली होती.

मग इंगळेभाऊ निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं झाली. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून ते परके. आता कोण येतं, कोण येत नाही, कोणाचा आकडा किती, हे त्यांना सांगायचं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण रेखाची गोळ्यांची तारीख असायची त्या दिवशी ते दवाखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर येऊन बसायचे. बशीतून चहा प्यायचे. ती गोळ्या घेऊन फाटकातून बाहेर पडताना दिसली की उठून निघून जायचे. तिच्याशी बोलायचे नाहीत, माझ्याशीही नाही.

आणि एका महिन्यात रेखा माझ्या खिडकीत आली ती हिरवा चुडा भरून. अकोल्याला लागण असलेल्यांचा मेळावा होता, तिथे जमलं, भावानेच नेलं होतं. नवऱ्याची पिठाची चक्की आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. तोही गोळ्यांवर. तिला आपले कागद तिकडच्या केंद्रात हलवून हवे होते. मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात धरला. मग विचारलं, इंगळेभाऊंना सांगू का? समोर टपरीवरच आहेत.

तिने वळून पाहिलं. "नका सांगू," म्हणाली. "पाहू द्या त्याह्यले थोडी वाट. मीबी पाह्यली होती."

पुढच्या महिन्यात इंगळेभाऊ आले. ती आली नाही. ते संध्याकाळपर्यंत बसले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी खिडकीतून बघत होते आणि मला माझाच राग येत होता. तिने नको म्हटलंय, नियमात बसत नाही, नाव पोटातच जिरलं पाहिजे, सगळं बरोबर होतं. पण नियम पाळला तरी माणूस शांत बसू शकत नाही, हे मला त्या टपरीवरच्या म्हाताऱ्याकडे बघून कळत होतं. थोडी वाट म्हणजे किती, ते तिने सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. चूक की बरोबर, अजून माहीत नाही. तिची माफी मला मागायची आहे.

त्या आठवड्यात मी शेगावला जाऊन आले होते. दुपारी खिडकी बंद केली, पर्समधून प्रसादाची पुडी घेतली आणि रस्ता ओलांडून टपरीवर गेले. ते थकले होते. मला बघून सरकून जागा दिली.

"इंगळेभाऊ," मी म्हटलं, "तुमच्या रेल्वेतल्या पोराचं लग्न झालं."

त्यांनी बशी खाली ठेवली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"पोरगी?"

"कोथिंबिरीच्या वावरातली."

टपरीवर रेडिओ चालू होता. त्यांनी तो बंद करायला सांगितला. "जागले?"

"भरपूर."

"अन् चोर?"

"दिसत नाही तपासणीत."

"दिसत नाई म्हंजे गेला नाई, ताई," ते हळू म्हणाले. "झोपला हाय."

"हो. पण गोळी आहे तोवर उठत नाही." मी पुडी उघडली आणि खडीसाखरेचा एक खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. वाटलं, आता तरी खातील. त्यांनी तो कपाळाला लावला, आणि रुमालाच्या टोकात गाठ मारून खिशात ठेवला.

"सहा महिन्यानं पुन्हा सांगजा," म्हणाले. "मंग पाहू."

इतक्यात रस्त्याच्या वळणावर एसटी दिसली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पिशवीत हात घालून पांढरी टोपी काढली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि गाडीत चढले. गाडी कुठल्या गावाची, ते मी पाहिलं नाही.